निबंधाचा विषय लहान कसा करावा: सावता माळ्याच्या एका अभंगापासून सुरुवात

‘संतसाहित्यावर समीक्षात्मक निबंध लिहून आणा, १२०० शब्द.’ मराठी विषय घेतलेल्या विद्यार्थ्याला हे वाक्य कधी ना कधी ऐकावं लागतंच. त्यावर वहीत पहिलं शीर्षक पडतं ते ‘संतसाहित्यातील भक्ती’ किंवा ‘संतांचे सामाजिक कार्य’. निबंध तिथेच फसतो. लिहिणाऱ्याची मराठी चांगली असली तरी फसतो, कारण पाच पानांत मावणार नाही एवढं ओझं त्याने पहिल्याच ओळीत उचललेलं असतं.

असा निबंध पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी ही पद्धत आहे. उदाहरणं मुद्दाम सोलापूर जिल्ह्यातली घेतली आहेत: माढा तालुक्यातल्या अरणचे सावता माळी, मंगळवेढ्याचे चोखामेळा आणि अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरला जन्मलेले लेखक शरणकुमार लिंबाळे. गाव ओळखीचं असलं की अभंगातली विहीर आणि मळा डोळ्यांसमोर लवकर येतो.

आधी हिशेब

फुलस्केप कागदावर नीट अक्षरात साधारण २४० शब्द बसतात. म्हणजे १२०० शब्द ही पाच पानं झाली. सुरुवातीला १२० आणि शेवटाला तेवढेच शब्द गेले की मध्ये साडेनऊशेच्या आसपास उरतात. आता एक मुद्दा नीट उलगडायला काय लागतं ते बघा. मूळ ओळ द्यायची, तिच्यातल्या शब्दांचा अर्थ सांगायचा, त्या ओळीत काय चाललंय ते दाखवायचं, आणि त्यावरून आपण काय म्हणतोय ते मांडायचं. एवढं करायला २३०-२४० शब्द जातात. म्हणजे तुमच्या निबंधात चार मुद्दे बसतात, पाचवा बसत नाही. चार मुद्द्यांत ज्याचं समाधानकारक उत्तर मिळेल असाच विषय घ्यायचा.

विषय मोठा झालाय हे ओळखायची एक सोपी खूण आहे. तुम्ही लिहिलेलं एखादं वाक्य घ्या आणि विचारा: हे लिहायला मला एक तरी अभंग वाचावा लागला का? ‘संतांनी समाजप्रबोधन केले’ हे वाक्य एकही अभंग न वाचता लिहिता येतं. अशी तीन वाक्यं एका परिच्छेदात सापडली तर दोष वाक्यांचा धरू नका, विषय बदला.

संहिता हातात घ्या

विषय शोधायला गाईड उघडू नका. मूळ मजकूर हवा, आणि तो छापील हवा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या अभंगांत शब्द बदललेले असतात, कडवी गळलेली असतात, कधी एकाचा अभंग दुसऱ्याच्या नावावर असतो. कॉलेजच्या ग्रंथालयात संतगाथा बहुधा असतेच, नाहीतर सोलापूर शहरातलं हिराचंद नेमचंद वाचनालय आहे. अभंगांना पाठभेद असतात, म्हणून कोणती प्रत वापरली, कोणत्या पानावरची, हे त्याच दिवशी टिपून ठेवा. निबंध एका शब्दावर उभा राहणार असेल आणि दुसऱ्या प्रतीत तोच शब्द वेगळा निघाला, तर आदल्या रात्री काही करता येत नाही.

मग अभंग हाताने उतरवून घ्या. झेरॉक्स चालत नाही. उतरवताना हात प्रत्येक शब्दावर थांबतो, डोळा तसा थांबत नाही.

सावता माळ्यांचा हा अभंग घेऊ. सगळ्यांच्या कानावर असलेला पाठ असा:

कांदा मुळा भाजी । अवघी विठाई माझी ॥
लसूण मिरची कोथिंबिरी । अवघा झाला माझा हरी ॥
मोट नाडा विहीर दोरी । अवघी व्यापिली पंढरी ॥
सावता म्हणे केला मळा । विठ्ठल पायीं गोविला गळा ॥

वीस मिनिटं, मत न देता

आता घड्याळ लावून वीस मिनिटं बसा आणि जे दिसतंय तेवढंच लिहा. ‘सुंदर’, ‘उत्कट’, ‘भक्तिभाव’ असे शब्द या कागदावर येऊ द्यायचे नाहीत. नुसत्या नोंदी करा आणि किमान पंधरा करा. पहिल्या पाच-सहा कुणालाही सुचतात, कामाच्या नोंदी दहाव्यानंतर येऊ लागतात. म्हणूनच आकडा ठरवून बसायचं.

या अभंगावर अशा नोंदी निघतात. ‘अवघी’ किंवा ‘अवघा’ पहिल्या तीन ओळींत आहे, चौथीत नाही. पहिल्या ओळीत देव स्त्रीलिंगी आहे, विठाई, दुसरीत पुल्लिंगी, हरी, तिसरीत देवाचं नावच नाही, गावाचं आहे, चौथीत विठ्ठल. पहिल्या ओळीला क्रियापद नाही, दुसरीत ‘झाला’, तिसरीत ‘व्यापिली’, आणि माणसाने स्वतः काही केल्याचं सांगणारं क्रियापद थेट चौथ्या ओळीत येतं: ‘केला’, ‘गोविला’. पहिल्या दोन ओळींत खाण्याच्या वस्तू आहेत, तिसरीत अवजारं. आणि अवजारं म्हणजे तरी कोणती? माळ्याकडे खुरपं असतं, कुदळ असते. इथे मोट, नाडा, विहीर, दोरी आहे. चारही गोष्टी पाणी उपसायच्या.

शेवटची नोंद बसल्या जागी सुचेलच असं नाही. त्यासाठी मोट म्हणजे काय ते माहीत असावं लागतं. विहिरीतून पाणी काढायचं ते मोठं चामडी पात्र म्हणजे मोट, आणि ती ओढायचा जाड दोर म्हणजे नाडा. आज विहिरीवर मोटरपंप असतो, त्यामुळे वीस वर्षांच्या मुलाने मोट पाहिलेली नसणार. माढ्याकडे, बार्शीकडे घरी कुणी म्हातारं माणूस असेल तर त्याला विचारा, मोट ओढायचं कोण? उत्तर येईल, बैल. आता पुन्हा अभंग वाचा. मोट आहे, नाडा आहे, दोरी आहे, विहीर आहे. बैल मात्र कुठेच नाही.

जे अडतं तेच निवडा

पंधरा नोंदींतल्या बाराएक नोंदी बघून मन म्हणतं, बरं, असेल. दोन-तीन ठिकाणी मात्र ते अडतं: असं का? तिथेच विषय आहे. प्रत्येक अडलेल्या नोंदीला तीन प्रश्न विचारा. मी कागदावर बोट ठेवून ही गोष्ट दाखवू शकतो का? दोन शहाणी माणसं हिचा वेगवेगळा अर्थ लावू शकतील का? आणि हिचं उत्तर मिळालं तर सगळ्या अभंगाकडे बघायची नजर बदलेल का? तिन्हींना ‘हो’ आलं तर ती नोंद ठेवा.

दुसऱ्या प्रश्नाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. ‘या अभंगात भाज्यांची नावे आली आहेत’ यावर वादच होऊ शकत नाही, म्हणून त्यावर निबंधही होऊ शकत नाही. ‘अवजारांत फक्त पाण्याचीच साधने का?’ यावर वाद होऊ शकतो. कुणी म्हणेल, यमकासाठी. ‘पंढरी’शी ‘दोरी’ जुळते. बरोबर आहे, पण त्याने फक्त ‘दोरी’चा उलगडा झाला. तिच्या आधीच्या तीन शब्दांचं काय? असा उलटा प्रश्न करता आला की समजा, निबंधाला खाद्य मिळालं.

उतरण

मोठ्या विषयावरून लहान विषयावर कसं यायचं ते एका कागदावर वरून खाली लिहून काढा. आपल्या उदाहरणात ही उतरण अशी दिसेल:

संतसाहित्यातील भक्ती
सावता माळी यांच्या अभंगांतील भक्ती
सावता माळी यांच्या अभंगांत काम आणि भक्ती यांचे नाते
‘कांदा मुळा भाजी’ या अभंगात कामाची साधने देवरूप कशी होतात
‘कांदा मुळा भाजी’त पाणी उपसण्याची साधने आणि शेवटच्या ओळीतला ‘गळा’
‘नाडा’ या शब्दाचा अर्थ

पहिल्या दोन पायऱ्यांवर निबंध होत नाही, ग्रंथ होतो. तिसऱ्या पायरीवर शोधनिबंध होईल, पण त्याला सावतांचे उपलब्ध सगळे अभंग वाचावे लागतील. चौथी पायरी १२०० शब्दांना चालते. पाचवी त्याहून चांगली. सहावी फार खाली गेली: तिचं उत्तर शब्दकोशात एका ओळीत मिळतं आणि पुढे लिहायला काही राहत नाही. एवढा लहान विषय हातात आला तर घाबरू नका, एक पायरी वर चढा. वर चढणं सोपं असतं, खाली उतरणंच अवघड, म्हणून जरा जास्तच खाली उतरून बघितलेलं बरं.

एक चूक इथे हमखास होते. विद्यार्थी विषय लहान करतो तो जागेचं नाव किंवा कालखंड जोडून: ‘तेराव्या शतकातील संतांची भक्ती’, ‘सोलापूर जिल्ह्यातील संतांची भक्ती’. जागा आणि काळ कमी झाला, प्रश्न तेवढाच ढोबळ राहिला. कापायचं ते प्रश्नाला. ‘भक्ती’ या शब्दाच्या जागी कागदावर दिसणारी एखादी गोष्ट येईपर्यंत उतरत राहा.

प्रश्नाचं विधान करा

प्रश्न मिळाला की त्याचं तात्पुरतं उत्तर एका वाक्यात लिहा, पंचवीस-तीस शब्दांत. हे वाक्य म्हणजे निबंधाचं विधान. वरच्या प्रश्नाचं एक उत्तर असं होऊ शकतं: ‘तिसऱ्या ओळीत मोट, नाडा, दोरी येतात पण त्या ओढणारा बैल येत नाही; चौथ्या ओळीत सावता स्वतःचा गळा विठ्ठलाच्या पायी गोवतात आणि ती मोकळी जागा भरतात.’

हे उत्तर सगळ्यांना पटणार नाही, आणि न पटणं हीच त्याची ताकद आहे. आता त्याची परीक्षा घ्या. विरुद्ध बाजूने काय म्हणता येईल? ‘गळा’ हा शब्द ‘मळा’शी यमक जुळावं म्हणून आला असेल. पायी गळा गोवणं म्हणजे नुसतं शरण जाणं असेल. दोन्ही आक्षेप वजनदार आहेत, त्यांना निबंधात जागा द्या. मग उत्तर द्या: शरण जाणं सांगायला माथा ठेवता आला असता, इथे गळा आहे, आणि ‘गोवणे’ म्हणजे अडकवणे, गुंतवणे, म्हणजे दोरीच्या घरातलं क्रियापद, तेही दोरीच्या ओळीला लागूनच. आक्षेप पुरता मोडला नाही तरी चालेल. तुम्ही तो पाहिलाय आणि तरीही तुमचं वाचन उभं आहे, एवढं वाचणाऱ्याला कळलं की काम झालं.

विधानाची भाषा जपा. ‘सावता माळी यांना असे म्हणायचे आहे की’ असं लिहू नका. त्यांना काय म्हणायचं होतं ते आपल्याला कळायला मार्ग नाही. ‘अभंगात असे दिसते’, ‘या ओळीमुळे असे होते’ असं लिहा.

घरच्या भाषेचा उपयोग

सोलापुरात वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी कन्नड किंवा तेलुगू बोलतात. मराठी निबंध म्हटलं की ही मुलं उगीच मागे सरतात. खरं तर जुनी मराठी वाचताना त्यांच्या हाती एक जादा अवजार असतं. चोखामेळ्यांचा प्रसिद्ध अभंग बघा: ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा । काय भुललासी वरलिया रंगा’. घरी मराठी बोलणारा मुलगा ‘डोंगा’वरून तसाच पुढे जातो, फार तर त्याला होडी आठवते. कन्नड घरातली मुलगी मात्र थबकते, कारण कन्नडमध्ये ‘डोंकु’ म्हणजे वाकडं, आणि इथेही अर्थ तोच आहे: ऊस वाकडा असला तरी रस वाकडा नसतो. तेलुगू घरातला मुलगाही थबकतो, पण वेगळ्या कारणाने. तेलुगूत ‘दोंग’ म्हणजे चोर. तो अर्थ इथे लागत नाही, मात्र शब्दापाशी थांबण्याचं काम त्याने केलेलंच असतं. असं थबकल्यावर दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ उघडायचा आणि अर्थाची खात्री करायची. दोन भाषांतले शब्द सारखे दिसतात म्हणून एक दुसऱ्यापासून आला असं मात्र निबंधात ठोकून द्यायचं नाही.

दोन अभंग घ्यायचे असतील तर

तुलना आकर्षक वाटते आणि जास्त लवकर फसते, कारण विषय गुपचूप दुप्पट होतो. ‘सावता माळी आणि चोखामेळा: तुलनात्मक अभ्यास’ हे शीर्षक पाच पानांत पेलणार नाही. तुलना करायची तर एकाच बिंदूवर करा आणि प्रत्येकाचा एकच अभंग घ्या.

असा बिंदू शोधून दाखवतो. चोखामेळ्यांच्या अभंगात ऊस, कमान म्हणजे धनुष्य, आणि नदी या तीन वाकड्या वस्तू येतात. प्रत्येकीच्या आत काहीतरी सरळ आहे: रस, तीर, जळ. आणि शेवटी: ‘चोखा डोंगा परी भाव नोहे डोंगा’. अभंगाच्या शेवटी कवीचं नाव येतं त्याला नाममुद्रा म्हणतात. सावतांकडे ती ‘सावता म्हणे’ अशी येते. नाव बोलणाऱ्याच्या जागी आहे. चोखामेळ्यांकडे ‘म्हणे’ नाही. त्यांचं नाव थेट यादीतली चौथी वाकडी वस्तू होऊन बसतं, ऊस आणि नदीच्या रांगेत. एकाची नाममुद्रा यादीच्या बाहेर उभी आहे, दुसऱ्याची यादीच्या आत. दोन अभंगांतल्या नाममुद्रेची जागा हा १२०० शब्दांचा उत्तम विषय आहे: दोन ओळी, एक फरक, आणि त्या फरकाने काय होतं हा प्रश्न.

चोखामेळ्यांवर लिहिताना त्यांची जात, मंगळवेढ्याला वेस कोसळून आलेला मृत्यू, पंढरपुरात नामदेव पायरीसमोरची समाधी हे सगळं डोक्यात दाटून येतं, आणि ते येणं स्वाभाविक आहे. पण त्याला ६०-७० शब्दांपेक्षा जास्त जागा देऊ नका. सावतांचंही तसंच: ते मळा सोडून पंढरीला गेले नाहीत ही परंपरेतली गोष्ट एका वाक्यात येऊ द्या. चरित्र पान खातं. शिवाय चरित्र हाताशी आलं की लिहिणारा अभंगाचा अर्थ चरित्रातूनच काढू लागतो आणि कागदावरचे शब्द बघायचं थांबतो. ‘सोलापूर दुष्काळी म्हणून सावतांना पाण्याची साधने आठवली’ हे वाक्य तसंच आहे. ऐकायला पटकन पटतं, पण त्याला अभंगातून कसलाच आधार देता येत नाही.

आत्मकथन किंवा कादंबरी असेल तर

चार ओळींचा अभंग अख्खा नजरेत मावतो. दोनशे पानांचं पुस्तक मावत नाही, त्यामुळे तिथे पद्धत थोडी बदलते. लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ हे १९८४ मधलं आत्मकथन घ्या. यावर ठरलेलं शीर्षक येतं: ‘अक्करमाशीमधील दलित वेदना’. शीर्षक खोटं नाही, पण त्या शीर्षकाखाली पुस्तकाचं कुठलंही पान बसतं, आणि कुठलंही पान बसणारा विषय एकाही पानाचा होत नाही.

एकदा सलग वाचा, काही न टिपता. दुसऱ्या वाचनाला पेन्सिल घ्या आणि एकच वस्तू, एकच नातं किंवा एकच शब्द धरा. समजा ‘भाकरी’ धरली. भाकरी जिथे जिथे येईल तिथे समासात खूण करा, आणि कागदावर तीन गोष्टी लिहा: पान क्रमांक, भाकरी कोण देतं, कोण खातं. ग्रंथालयाचं पुस्तक असेल तर खूण कागदाच्या पट्टीवर. आठ ते बारा जागा मिळाल्या तर विषय जमला. तीनच मिळाल्या तर वस्तू बदला. चाळीस मिळाल्या तर विषय अजून मोठा आहे. मग ‘परक्या हातची भाकरी’ असं काहीतरी घ्या, म्हणजे जागा आपोआप गळतील. मिळालेल्या जागांतून निबंधात चारच वापरायच्या, आणि त्यांतली एक तरी तुमच्या विधानाला अडचणीत आणणारी असावी.

नावावरूनही चांगला विषय निघतो. मासा हे जुनं वजन, बारा माशांचा एक तोळा. ‘अक्करमाशी’ म्हणजे अकरा माशांचं, एक मासा कमी, आणि त्यावरून अनौरस. हा शब्द पुस्तकात कोण कुणाला, कुठे, कोणत्या सुरात वापरतं, आणि निवेदक स्वतःसाठी वापरतो तेव्हा त्याचं वजन बदलतं का, एवढंच शोधायचं. शीर्षकाचा अर्थ सांगून थांबलात तर मात्र ती पुन्हा शब्दकोशातली ओळ झाली.

विषय सरांनीच दिला असेल तर

तेव्हा दिलेले शब्द तसेच ठेवा आणि पुढे आपली वाट जोडा. ‘संत चोखामेळा यांच्या अभंगांतील सामाजिक जाणीव’ असा विषय आला, तर लिहा: ‘संत चोखामेळा यांच्या अभंगांतील सामाजिक जाणीव: “ऊस डोंगा” या अभंगातील नाममुद्रेच्या आधारे’. विषय पाळला गेला आणि तुमची जागाही ठरली. ‘एक अभ्यास’, ‘एक दृष्टिक्षेप’, ‘आजच्या काळातील प्रासंगिकता’ ही शेपटं लावू नका. शेवटचं तर हमखास शेवटचं पान गिळतं आणि त्यावर मोबाइल, पर्यावरण, तरुण पिढी असं काहीही येऊन बसतं.

लिहायला बसण्याआधी एक चिठ्ठी

निबंध सुरू करायच्या आधी, मुदतीच्या निदान सहा दिवस आधी, एका चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून सरांना किंवा मॅडमना दाखवा. पूर्ण निबंध तपासायला त्यांना वेळ नसतो, चिठ्ठी मात्र स्टाफरूमच्या दारातही वाचून होते.

संहिता: ‘कांदा मुळा भाजी’, सावता माळी, वापरलेली प्रत आणि पान.
प्रश्न: तिसऱ्या ओळीत फक्त पाणी उपसण्याची साधने का, आणि त्यांचा शेवटच्या ‘गळा’शी संबंध काय?
जागा: १) ‘अवघी’ची तीन आवर्तने, २) मोट, नाडा, विहीर, दोरी आणि गैरहजर बैल, ३) ‘झाला’, ‘व्यापिली’ ते ‘केला’, ‘गोविला’, ४) ‘गोविला गळा’, यमकाच्या आक्षेपासह.

चिठ्ठी परत येताना ‘अजून लहान करा’ असं उत्तर आलं, तर चार जागांपैकी ज्या जागेवर तुमच्याकडे सगळ्यात जास्त नोंदी आहेत ती वर काढा आणि तिलाच विषय करा. बाकीच्या तीन तिच्या मदतीला येतात का ते बघा. जी येत नाही ती आत्ताच खोडा, चौथ्या पानावर पोहोचल्यावर नको.